रॉक शोला कोण येतं, हे नीट कसं मोजायचं

अमेरिकेत रॉक शोच्या प्रेक्षकांविषयी बोलणं निघालं की कुणीतरी बाल्कनीतून खाली बघतो आणि सांगून टाकतो, 'सगळे गोरेच आहेत.' अंदाज कधी बरोबरही निघतो, पण त्यावर कुठलाही निर्णय घेता येत नाही. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचा, माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, दोन वंशांचे आईवडील असलेला तर नाहीच. शिवाय स्टेजजवळची गर्दी आणि बारजवळची गर्दी सारखी नसते. फोटोवरून मोजणं याहून वाईट, कारण कॅमेरा नेहमी पहिल्या चार रांगांवर असतो. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला तर जाऊच नका. त्याची अचूकता वादग्रस्त आहे आणि इलिनॉयसारख्या राज्यात २००८ पासून बायोमेट्रिक माहितीचा, म्हणजे चेहरा, बोटांचे ठसे अशा शरीरखुणांचा, स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा माणसालाच विचारायचं. कसं, ते १,२०० प्रेक्षकांचा एक हॉल धरून पाहू.

प्रश्न आधी ठरवा

कार्डावर तीनच प्रश्न ठेवा: वंश, वय आणि 'या शोबद्दल कुठून कळलं?' चौथा प्रश्न आला की रांग अडते आणि नकार वाढतात.

वंशाच्या प्रश्नासाठी स्वतःची यादी तयार करू नका. अमेरिकी सरकारने मार्च २०२४ मध्ये आपली पद्धत बदलली. आधी लॅटिनो आहात का, हा प्रश्न वेगळा आणि वंशाचा वेगळा असायचा. आता एकच प्रश्न आणि सात पर्याय आहेत: अमेरिकन इंडियन किंवा अलास्काचे मूळ रहिवासी, आशियाई, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकी, हवाईचे मूळ रहिवासी किंवा पॅसिफिक बेटवासी आणि गोरे. 'लागू असतील तेवढे निवडा' ही ओळ कार्डावर ठळक हवी. ती राहिली की मिश्र वंशाची माणसं एक तर चिडतात, नाही तर पहिल्या खुणेवर थांबतात.

कार्डावर नाव, फोन, ईमेल काहीही नको. ते सवलतीच्या कूपनसाठी घ्यायचंच असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर घ्या आणि ती वेगळ्या पेटीत टाका. हेच काम ब्रिटनमध्ये करायचं असेल तर वर्गवारी बदलते, कारण इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत १९ गट होते. तिथे डेटा संरक्षण कायद्यानुसार वांशिक माहिती 'विशेष प्रवर्गा'त मोडते, म्हणून नावाशिवाय गोळा करणं आणखी महत्त्वाचं.

दारावरची मोजणी

दरवाज्याच्या आत, तिकीट स्कॅन झाल्यावर, जमिनीवर टेपची एक रेघ मारा. ती ओलांडणारा दर तिसरा माणूस निवडायचा. चेहरा बघून नाही, हसरा दिसतो म्हणून नाही, एकटा आहे म्हणूनही नाही. हातातल्या काउंटरवर तीन झाले की तोच. रेघेवर मोजणारा आणि कार्ड देणारा ही दोन वेगळी माणसं असावीत. एकाच माणसाकडे दोन्ही कामं दिली की तासाभरात तो नकळत आपल्याला सोपी वाटणारी माणसं निवडू लागतो.

माणसं किती लागतील? १,२०० जण ९० मिनिटांत आत येतात, म्हणजे सरासरी मिनिटाला १३. गर्दीच्या वीस मिनिटांत हा आकडा २५ वर जातो, आणि तेव्हा मिनिटाला आठ जणांना कार्ड द्यावं लागतं. एका कार्डाला ४० सेकंद धरले तर सहा माणसं हवीत. दोन दरवाजे असतील तर रेघेवर मोजायला आणखी दोन. पाहुण्यांच्या यादीचं दार आणि व्हीआयपी दारही यात धरायचं. लोक नेमकं तेच विसरतात.

कार्ड हातात द्या, पर्याय मोठ्याने वाचू नका. ज्याचं त्याने खूण करून पेटीत टाकायचं. विचारणाऱ्याने चेहरा बघून खूण केली तर ते कार्ड बाद.

आता सर्रास होणारी गडबड. निवडलेल्या माणसासोबतचे दोघं म्हणतात, 'आम्हीही भरतो.' नाही म्हणणं जड जातं, आणि सगळा हिशोब तिथेच बिघडतो. लोक गटाने येतात आणि एका गटात बहुधा एकाच वंशाची माणसं असतात. म्हणजे तिघांची कार्डं घेतली तरी नवी माहिती जेमतेम एकाचीच मिळते. सगळी कार्डं अशी तिघातिघांच्या गटांतून आली आणि गटातलं साम्य ०.८ (१ म्हणजे पूर्ण सारखे) धरलं तर २८० कार्डांचं वजन सुमारे १०८ इतकंच उरतं. उपाय साधा आहे: वेगळ्या रंगाची कार्डं जवळ ठेवा, मित्रांना ती द्या, पेटीत टाकू द्या, आणि मोजताना बाजूला काढा. कुणी दुखावत नाही.

क्यूआर कोड भिंतीवर चिकटवून मोकळं होणं सोपं वाटतं, पण मग कोण भरेल ते तुमच्या हातात राहत नाही. बँडचे कट्टर चाहते भरतात, बाकीचे बिअर घ्यायला जातात.

नकार लिहून ठेवा. ही पायरी वगळली तर बाकीच्या कष्टांना फारसा अर्थ उरत नाही. दर तिसऱ्याला विचारलं तर ४०० जण होतात. समजा २८० जणांनी कार्ड भरलं, १२० जणांनी टाळलं, आणि भरलेल्यांत २२ कृष्णवर्णीय निघाले, म्हणजे ७.९ टक्के. २८० च्या नमुन्यात ही टक्केवारी साधारण ५ ते ११ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. मित्रांची कार्डं मिसळली असती तर हीच रेंज ३ ते १३ झाली असती. आता नकारांची परीक्षा करा. टाळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण दुप्पट होतं असं धरलं तरी एकूण आकडा १०.२ टक्क्यांवर जातो, त्यापुढे नाही. आजूबाजूच्या वस्तीत हे प्रमाण २४ टक्के असेल तर 'लोकांनी कार्डंच भरली नाहीत' ही सबब इथे टिकत नाही.

तुलना कशाशी

देशाचा आकडा घेऊन बसणं ही इथली नेहमीची चूक. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत लॅटिनो नसलेले गोरे ५७.८ टक्के होते, लॅटिनो १८.७ टक्के. पण त्याच वेळी डेट्रॉइट शहरात चारातले तीन जण कृष्णवर्णीय होते. तिथल्या हॉलची देशाशी तुलना केली तर गोऱ्यांनी भरलेला शोसुद्धा 'ठीकठाक' दिसेल. हॉलला प्रेक्षक जिथून येतात तो परिसर धरा, साधारण तासाभराच्या गाडीच्या अंतराचा, आणि त्यात फक्त शोला येणारी वयं घ्या.

हे आकडे जनगणना खात्याच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत मिळतात. वय आणि वंश एकत्र हवेत म्हणून बी०१००१ या तक्त्याचे उपतक्ते उघडा: बी म्हणजे कृष्णवर्णीय, एच म्हणजे लॅटिनो नसलेले गोरे, आय म्हणजे लॅटिनो. त्यांत ३५ ते ४४ हा एकच वयोगट आहे, म्हणून '१८ ते ४४' जुळतं, '१८ ते ४०' जुळत नाही. कार्डावरचे वयोगट आधीच तसे छापा. पाच वर्षांची सरासरी घ्या. एका वर्षाचे आकडे ६५,००० च्या खालच्या वस्तीच्या जागांसाठी निघतच नाहीत.

आणखी एक खाच आहे. हे तक्ते जुन्या वर्गवारीवर आहेत, तुमचं कार्ड नव्या. जुन्या पद्धतीत मध्यपूर्वेची माणसं गोऱ्यांत धरली जायची. म्हणून तुलनेपुरते ते दोन पर्याय एकत्र करा, आणि ज्याने लॅटिनोवर खूण केली आहे त्याला, बाकी काहीही निवडलेलं असो, लॅटिनोंत घाला. यातली पहिली गोष्ट न केल्यास गोरे आहेत त्यापेक्षा कमी दिसतात आणि सुधारणा झाल्याचा भास होतो. बी उपतक्त्यात लॅटिनो कृष्णवर्णीयही असतात, पण तो फरक बहुतेक शहरांत लहान असतो.

तिकिटांच्या पिनकोडवरून वंश काढायचा मोह आवरा. कृष्णवर्णीय वस्तीतून शोला येणारा अनेकदा तिथे अलीकडेच राहायला आलेला गोरा तरुण असतो. आडनावंही फसवतात. वॉशिंग्टन आडनावाची बहुतेक माणसं कृष्णवर्णीय आहेत, पण जॅक्सन आडनावाची जेमतेम निम्मी. शिवाय चार तिकिटं काढणारा एक असतो आणि येणारे चार.

एका शोवरून 'रॉकचे प्रेक्षक असे' असं म्हणता येत नाही. मेटल, पंक, इंडी आणि जुन्या बँडांचे पुनरागमनाचे शो यांची गर्दी फार वेगळी असते. लॉस एंजेलिसमध्ये ब्रिटिश गायक मॉरिसीचे लॅटिनो चाहते जगजाहीर आहेत. त्याच्या शोची सरासरी दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही. निदान सहा ते आठ शो, वेगवेगळ्या प्रकारचे, मोजून मगच बोला.

गळती कुठे होते

इथे कार्डावरचा तिसरा प्रश्न कामाला येतो. 'कुठून कळलं' याची उत्तरं वंशानुसार वेगळी काढा. बहुतेक वेळा दिसतं की गोऱ्या प्रेक्षकांना हॉलच्या ईमेलवरून किंवा रॉक रेडिओवरून कळलं आणि बाकीच्यांना मित्राकडून. म्हणजे हॉलची जाहिरात आधीच येणाऱ्यांनाच पुन्हा बोलावते आहे.

गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांतली ही फूट आवडीनिवडीतून आपोआप पडलेली नाही. चक बेरी, लिटल रिचर्ड, सिस्टर रोझेटा थार्प या कृष्णवर्णीय कलाकारांशिवाय रॉकची सुरुवातच सांगता येत नाही. १९४९ पर्यंत बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकात कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या तक्त्याचं नावच 'रेस रेकॉर्ड्स' (वंशाच्या रेकॉर्ड) होतं. दक्षिणेत एकाच हॉलमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय दोरीने वेगळे केले जात. १९६४ मध्ये बीटल्सनी जॅक्सनव्हिलला अशा विभागलेल्या प्रेक्षकांपुढे वाजवायला नकार दिला होता. दोऱ्या गेल्या, पण रेडिओ स्टेशनं आणि रेकॉर्ड कंपन्यांचे विभाग वेगळेच राहिले. १९८५ मध्ये न्यूयॉर्कला व्हर्नन रीड, ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांनी ब्लॅक रॉक कोअलिशन हे कृष्णवर्णीय रॉक कलाकारांचं संघटन स्थापन केलं ते याच अडचणीतून.

म्हणून 'एक कृष्णवर्णीय बँड बोलावू, प्रेक्षक आपोआप येतील' हे गणित चुकतं. कृष्णवर्णीय गिटारवादक जिमी हेंड्रिक्ससमोर बहुतांशी गोरे प्रेक्षक असत. वुडस्टॉक महोत्सवानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबर १९६९ ला, तो न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या रस्त्यावर मोफत वाजवायला गेला, कारण ते प्रेक्षक त्याच्याकडे येत नव्हते. स्टेजवर कोण आहे यापेक्षा शो कुठे आहे आणि निरोप कुणाकडून गेला, हे जास्त निर्णायक ठरतं.

काय बदलायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाही तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

सुरुवात कार्यक्रमाच्या मांडणीपासून करा. १९७६ मध्ये सुरू झालेल्या रॉक अगेन्स्ट रेसिझम या वंशवादविरोधी चळवळीने ब्रिटनमध्ये पंक आणि रेगे एकाच स्टेजवर आणले. १९७८ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पंक बँड द क्लॅश आणि रेगे बँड स्टील पल्स एकाच दिवशी वाजले. हे करताना दुसऱ्या बँडला संध्याकाळी सात वाजता वीस मिनिटं देऊन भागवू नका. त्यांचे लोक वाजवणं संपलं की निघून जातात आणि दोन गर्दी एकमेकींना भेटतच नाहीत. दोघांना निदान ४५ मिनिटं द्या, आणि मुख्य बँडच्या तिसऱ्या गाण्यापर्यंत दारातून बाहेर जाणारेही मोजा.

मग दार. झडती कुणाची होते ते एका संध्याकाळी लिहून काढा. सुरक्षारक्षकाला 'संशय आला तर' अशी मोकळीक असेल तर ती काढा: झडती एक तर सगळ्यांची, नाही तर दर पाचव्याची. टोपी, जर्सी, ढगळ पँट यांवर बंदी घालणारी वेशभूषेची पाटी असेल तर ती उतरवा. तिचा रोख कुणावर असतो हे सगळ्यांना माहीत असतं. कॉन्फेडरेट झेंड्याबाबत, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या झेंड्याबाबत, हॉलचा नियम लेखी हवा आणि तो स्टॉलवरच्या टी-शर्टलाही लागू हवा. रॉक गायक टॉम पेटीने १९८५ च्या दौऱ्यात तो झेंडा वापरला आणि २०१५ मध्ये त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. झेंडा दिसला की पुन्हा न येणारे प्रेक्षक तक्रारपेटीत काही टाकत नाहीत, ते नुसते येत नाहीत.

तिकिटाचा दर वंशानुसार वेगळा ठेवू नका. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा दुसरा भाग सार्वजनिक करमणुकीच्या जागी वंशावरून भेदभावाला मनाई करतो, आणि कॉन्सर्ट हॉलचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. २०१९ मध्ये डेट्रॉइटच्या एका महोत्सवाने गोऱ्यांना दुप्पट दर लावला होता. ओरड झाल्यावर सगळ्यांना एकच दर करावा लागला. सवलत द्यायची तर सगळ्यांना खुली ठेवा आणि ती पोचवायची जागा बदला: रेकॉर्डची दुकानं, कॉलेज रेडिओ, शेजारच्या वस्त्यांतले छोटे गिग.

बदलानंतर पुन्हा मोजाल तेव्हा त्याच प्रकारचा शो, आठवड्याचा तोच वार आणि तेवढाच तिकीटदर निवडा. ७.९ चे ९ टक्के झाले तर हुरळून जाऊ नका, तो फरक नमुन्याच्या चुकीतच बसतो. तीन-चार शोंची कार्डं एकत्र करून मगच तुलना करा, आणि एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा अहवालात वेगळा छापू नका, कारण लहान हॉलमध्ये त्यावरून माणूस ओळखता येतो.