आयव्हीएफची तयारी: ट्रिगरची वेळ लिहून घ्या

मला ऑटिझम पण आहे आणि एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही ते) पण, आणि आमची पहिली आयव्हीएफ सायकल, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांची फेरी, एका इंजेक्शनच्या वेळेवरून गेली. आता दुसरी सुरू करायच्या आधी ही यादी लिहून काढतेय.

फाइल, दोघांची आधार कार्डं, जुने रिपोर्ट, पाण्याची बाटली. हे कुणीही सांगेल, पुढे.

डॉक्टरांना "मी न्यूरोडायव्हर्जंट आहे", म्हणजे माझा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो, एवढंच सांगून भागत नाही, नक्की काय हवंय ते कागदावर लिहून द्या. माझ्या कागदावर तीन ओळी होत्या: हात लावायच्या आधी सांगा, आतून सोनोग्राफी करताना प्रोब मलाच आत घेऊ द्या, एका वेळी एकच सूचना द्या. या वेळी चौथी वाढवलीये, वेळ फोनवर तोंडी सांगू नका. बीजं वाढवायची इंजेक्शनं साधारण दहाबारा दिवस चालतात आणि त्यात दर दोनतीन दिवसांनी ही सोनोग्राफी असते, त्यामुळे लाजून चालणार नाही. "यात काय एवढं, सगळ्यांचंच होतं" असं कुणी म्हणालं तरी कागद फाइलला लावा.

संमतीचे फॉर्म आदल्या दिवशी घरी वाचायला मागा. २०२१ च्या एआरटी कायद्याने (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) लेखी संमतीशिवाय काही करता येत नाही, तेव्हा समजून सही करायला वेळ मागणं हा आगाऊपणा नाही. एडीएचडीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, सायकियाट्रिस्ट आणि इथले डॉक्टर दोघांना आधीच विचारा, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा.

फ्रिजमध्ये ठेवायची इंजेक्शनची पेनं २ ते ८ डिग्रीत, फ्रीजरला चिकटून नको. वेटिंगमध्ये टीव्ही, फोन, रडणारी पोरं, मला तिथे अर्ध्या तासात काही सुचेनासं होतं, इयरप्लग घ्या आणि नंबर आला की बोलवा असं सांगून बाहेर थांबा. नाशिकात पाथर्डी फाट्यावरून कॉलेज रोडला जायचं तर ट्रॅफिकचा वेळ धरूनच निघा.

आता ट्रिगर. ट्रिगर म्हणजे बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात, त्याला पिकअप म्हणतात, उशीर झाला तर ती आधीच सुटून जातात. मला फोनवर सांगितलं, बारा तारखेला रात्री साडेबाराला. माझ्या डोक्यात बारा तारीख रात्री बाराला सुरू होते, म्हणून अकरा तारीख संपल्या संपल्या मी इंजेक्शन घेतलं, आणि त्यांना म्हणायची होती बाराची रात्र, म्हणजे कॅलेंडरने तेरा. बाराच्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, आज जागायचंय ना, तेव्हा कळलं. रात्रीच फोन केला, सकाळी धावपळ करून भूलतज्ज्ञ मिळवले, दुपारी पिकअप केलं. बीजं एक दिवस आधी, कच्चीच काढावी लागली, पाच बीजं मिळाली, पक्व दोनच, गर्भ एकही नाही. बारा दिवस पोटात टोचून घेतलेलं सगळं एका वाक्यात गेलं.

म्हणून लेखी घ्या. चोवीस तासांच्या घड्याळात घ्या, तारीख घ्या, वार घ्या, आणि 'बुधवार संपून गुरुवार लागतो ती रात्र' असं शब्दांत लिहून त्यांच्याकडून हो म्हणून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवून विचारा, बरोबर आहे का. दोघांच्या फोनवर अलार्म लावा. सासूबाईंनाही सांगून ठेवा, माझ्या म्हणतात मी जागी राहीन. नर्स वैतागली तर वैतागू द्या.

पिकअपच्या दिवशी खाणंपिणं किती वाजल्यापासून बंद, तेही लेखी. ढगळ कपडे, परत न्यायला माणूस. ट्रान्सफरला, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडताना, बहुतेक ठिकाणी लघवी भरलेली लागते, तो दाब मला सहन होत नाही, म्हणून किती पाणी आणि कधी ते आधी विचारा. नंतर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकायला देतात ते हार्मोन, बऱ्याचदा खालून आत ठेवायचं असतं, त्याचा चिकटपणा त्रास देतो, पॅड ठेवा. घरी प्रेग्नन्सीचं किट लावू नका, ट्रिगर एचसीजीचा (किट शोधतं तेच हार्मोन) असेल तर तो अंगात राहून खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतो, रक्ताच्या तपासणीपर्यंत थांबा. रिझल्ट फोनवर नको, मेसेज करा म्हणावं.

आणि ट्रिगरची वेळ, तारीख, वार. लिहून घेतलं का?