मेंढीचं तोंड वर करू नका

शिकाऊ होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात जंतनाशक पाजायचं काम माझ्याकडे आलं. मेंढी धरता येते, असा माझा समज होता. औषध ओठांतून ओघळायला लागलं, तसं मी एकीचं तोंड सरळ आभाळाकडे केलं आणि ओतलं. तिला ठसका लागला. मी आणखी घट्ट धरली! चौथ्या दिवशी ती मान लांबवून धापा टाकत होती. न्यूमोनिया. वाचली नाही.

म्हणून हे लांबवून सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. मान वर ताणली की तिला नीट गिळता येत नाही आणि औषध श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं. जबडा जमिनीला समांतर हवा. नाकपुड्या डोळ्यांच्या वर जाता कामा नयेत. नळी ओठांच्या कोपऱ्यातून घाला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून जिभेवर. खुपसू नका, घशाला जखम होते. थोडं सोडा, घोट गिळलेला दिसू द्या, मग पुढचं. खोकली की हात काढा, डोकं खाली जाऊ द्या. औषध सांडलं तर सांडलं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. ज्याच्या हाताखाली होतो तो तासाभरात कळप उरकायचा आणि मी त्याचा वेग शिकत बसलो. सावकाश काम करणारा गुरू शोधा. भराभर हात चालवणाऱ्याचं नेमकं महत्त्वाचं तेवढं दिसत नाही.

धरण्याचं म्हणाल तर पळापळ आधी बंद करा. लहान आडोशात चार-पाच जणी एकत्र घ्या; एकटी पडलेली मेंढी बिथरते. थेट मागून जाऊ नका, तिथलं तिला दिसत नाही. एक हात जबड्याखाली, दुसरा पुठ्ठ्याकडे, आणि आपल्या मांडीने तिला भिंतीशी टेकवून ठेवा. लोकर मुठीत धरून ओढायची नाही. वरून काही दिसत नाही, पण कातडीखाली रक्त साकळतं.

खूर कापायला बसवताना डोकं तिच्याच खांद्याकडे वळवा, मागची बाजू आपल्याकडे ओढा, ती पुठ्ठ्यावर बसते. पहिल्या दिवशी तुम्हीच बसाल. सगळेच बसतात, जमतं नंतर. पण भरल्या पोटी तिला फार वेळ तसं ठेवू नका. वायू अडकतो, श्वास कोंडतो. गाभण मेंढी दिवस भरत आली असेल तर बसवूच नका, खूर उभ्यानेच पाहा.

मेंढ्याकडे, म्हणजे नराकडे, मात्र कधीच पाठ करू नका. माझा उजवा गुडघा अजून जिना उतरताना कुरकुरतो.