मत्स्यतळ्यावरील पाणकावळ्यांचा बंदोबस्त, पक्ष्यांना इजा न करता

दिवाळीच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील तलावांवर आणि शेततळ्यांवर पक्ष्यांची वर्दळ वाढू लागते आणि त्याबरोबर मत्स्यपालकांच्या तक्रारीही वाढतात. बंदोबस्ताला लागण्यापूर्वी तळ्यावर नेमके कोण उतरले आहे हे ओळखावे, कारण दोष बहुधा भलत्याच पक्ष्यावर येतो. मंगोलिया आणि तिबेटकडून येणारा पट्टकदंब हंस गवतावर आणि धान्यावर जगतो. तलवार बदक व चक्रवाक हेही मुख्यतः वनस्पती, बिया आणि पाण्यातील किडे खातात. त्यांना हुसकावण्यात वेळ दवडू नये. मीनखाई घार मासेच खाते, पण ती एकेकटी येते व एका वेळी एकच मासा उचलते. खरी हानी होते ती पाणकावळ्यांमुळे. छोटा पाणकावळा बारमाही असला तरी हिवाळ्यात त्याचे थवे मोठे होतात, आणि मोठा पाणकावळा दिवसाला साधारण अर्धा किलो मासळी फस्त करू शकतो.

सकाळी काठावर आलेला जखमी मासा हातात घेऊन पाहावा. पाठीवर खोल, भाल्याने भोसकल्यासारखी एकच जखम असेल तर ते राखी बगळ्याचे काम असते; दोन्ही कुशींवर खवले निघून ओरखडे उठलेले असतील, तर आकडीदार चोचीचा पाणकावळा समजावा.

उपायांमध्ये माझ्या मते सर्वांत मोलाचा उपाय वेळापत्रकाचा आहे. रोहू, कटला, मृगळ यांची मोठी, निदान दहा सेंटिमीटरची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) जुलै-ऑगस्टमध्ये सोडली आणि तिला नियमित खाद्य दिले, तर थवे येईपर्यंत बरीचशी मासळी छोट्या पाणकावळ्याला गिळता येणार नाही एवढी वाढलेली असते. ऑक्टोबरनंतर उघड्या तळ्यात लहान बीज, म्हणजे माशांची पिल्ले, सोडणे म्हणजे पंगत मांडणेच होय.

बीज वाढवण्याच्या छोट्या तळ्यावर मात्र जाळे हवेच. ते जाड दोऱ्याचे, सहज दिसणारे, पाण्यापासून हातभर उंच आणि घट्ट ताणलेले असावे, आणि बाजूंनी जमिनीपर्यंत आणावे, कारण पक्षी काठावरून चालतही आत शिरतात. तंगुसाचे (पारदर्शक नायलॉन धाग्याचे) बारीक जाळे वापरू नये. ते पक्ष्यांना दिसत नाही आणि त्यात अडकलेला पक्षी तडफडून मरतो. मोठ्या तळ्यावर जाळे परवडत नाही, तेथे दोन-तीन मीटर अंतरावर जाड दोऱ्या आडव्या-उभ्या ताणून त्यांना चमकदार पट्ट्या बांधाव्यात. पाणकावळ्याला पाण्यावरून उडताना धाव घ्यावी लागते, त्यामुळे अशा जागी उतरणे तो टाळतो. संक्रांतीनंतर उरलेला नायलॉन मांजा या कामी कदापि वापरू नये. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे.

बगळे उथळ पाण्यात उभे राहून शिकार करतात, म्हणून काठ तिरपे न ठेवता शक्य तितके उभे करावेत. पाण्यावर डोकावणारे खुंट काढून टाकावेत, आणि तळाशी काटेरी फांद्यांचे भारे किंवा पाइपाचे तुकडे टाकून मासळीला लपायला जागा द्यावी.

पहाटे अचानक बगळ्यांची गर्दी झाली, तर आधी पाण्याकडे पाहावे. प्राणवायू कमी झाल्यावर मासे तोंड वर काढून श्वास घेतात आणि सहज सापडतात. अशा वेळी पक्षी हाकलण्यापेक्षा ताजे पाणी सोडणे किंवा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालू करणे अधिक उपयोगाचे ठरते.

बुजगावणे, फटाके, डबे वाजवणे यांचा परिणाम फार टिकत नाही. ठिकाण आणि प्रकार सतत बदलावा लागतो, आणि थवा तळ्याला सरावण्यापूर्वी, पहाटेच राखण सुरू करावी लागते. पाणकावळे, बगळे किंवा बदके यांना मारणे, पकडणे अथवा विष घालणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. जाळ्यात पक्षी अडकलाच, तर त्याला ओढून न काढता अंगावर कापड टाकावे, चोचीपासून डोळे सांभाळून दोरे कापावेत आणि जखम असल्यास वन विभागाला कळवून नागपुरातील सेमिनरी हिल्स येथील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्रात, पोहोचवावे.