पृथ्वीचं वय विचारणाऱ्या मुलांना काय सांगावं
चर्चच्या संडे स्कूलमध्ये (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात) हा प्रश्न आला की मी फळ्यावर दोन आकडे लिहिते: इ.स.पू. 4004 आणि 454 कोटी वर्षं. पहिला आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये बायबलमधल्या वंशावळींच्या आधारे सृष्टीच्या निर्मितीचं वर्ष म्हणून मांडला. बायबलात तो कुठेच लिहिलेला नाही. मुलांनाच शोधू द्या. दुसरा युरेनियमचं शिसं होण्याच्या ठरावीक वेगावरून, उल्कापाषाण तपासून निघाला. मग मतं सांगा. काही ख्रिस्ती बायबलच्या पहिल्या अध्यायातले सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच मानतात, काही प्रत्येक दिवस म्हणजे दीर्घ युग समजतात, काहींना तो अध्याय काव्यमय वाटतो. ते दिवस नेहमीसारखे नसावेत, असं संत ऑगस्टीननेही पाचव्या शतकात लिहिलं होतं. (हे ऐकून पालकच जास्त चकित होतात.) कुणाची टर उडवू देऊ नका. तुमचं मत विचारलं तर लपवू नका. मी 454 कोटीच सांगते.