व्हर्जिनियातील आद्य वसाहतकाराचे घराणे शोधताना या चुका टाळा

सतराव्या शतकात अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रजी वसाहतीत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदी फार थोड्या टिकल्या. त्यामुळे त्या काळातील एखाद्या घराण्याचा माग काढायचा, तर भिस्त मुख्यतः काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) न्यायालयाच्या वह्यांवर आणि जमिनीच्या कागदपत्रांवर ठेवावी लागते. यांपैकी एकही कागद वंशावळ सांगण्यासाठी लिहिलेला नाही. कोणी करमाफी मागत होता, कोणी नोकरावरील हक्कासाठी भांडत होता, कोणी जमीन आपल्या नावावर करून घेत होता, आणि त्या ओघात कुटुंबाचा उल्लेख आला. कागद कशासाठी झाला हे न पाहता त्यातील नावे उचलली, की वंशावळ बिघडते. अँथनी जॉन्सन या आफ्रिकेतून बंदिवान म्हणून आणल्या गेलेल्या आणि पुढे जमीनमालक झालेल्या माणसाच्या कुटुंबाची कागदपत्रे या दृष्टीने फार बोलकी आहेत.

सर्वाधिक फसवणूक होते ती जमिनीच्या पेटंटवर, म्हणजे सरकारने जमीन दिल्याच्या सनदेवर. वसाहतीत माणूस आणण्याचा खर्च करणाऱ्याला माणशी 50 एकर जमीन मिळत असे आणि या हक्काला हेडराइट म्हणत. 1651 च्या जुलैमध्ये जॉन्सनला 250 एकर जमीन मिळाली ती पाच हेडराइटच्या बळावर. ही पाच माणसे त्याच वर्षी जहाजातून उतरली, असा अर्थ अनेक जण लावतात. तो चुकीचा आहे. हेडराइट विकता येत असत, वर्षानुवर्षे राखून ठेवता येत असत आणि एकाच माणसाच्या नावावर दोनदा जमीन उचलल्याचीही उदाहरणे आहेत. जॉन्सनच्या यादीतील एक नाव रिचर्ड जॉन्सन आहे आणि त्याच्या एका मुलाचे नावही रिचर्डच होते. हा मुलगाच की त्याच नावाचा दुसरा कोणी, हे पेटंट सांगत नाही. म्हणून हेडराइटच्या यादीवरून आगमनाचे वर्ष ठरवू नये आणि नातेही जोडू नये. माणूस त्या तारखेपूर्वी केव्हातरी आला असावा, एवढाच निष्कर्ष काढावा आणि तोही जपून.

दुसरी चूक तारखेची आहे. 1752 पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. जॉन्सनचे घर आगीत सापडल्यानंतर न्यायालयाने त्याची पत्नी मेरी आणि दोन मुली यांचा कर माफ केला. त्या आदेशावर 28 फेब्रुवारी 1652 अशी तारीख आहे, पण आजच्या गणनेने ते वर्ष 1653 ठरते. जॉन कॅसर या नोकरावरील जॉन्सनच्या हक्काचा निकाल 8 मार्चचा; त्याचे वर्ष कुठे 1654 तर कुठे 1655 छापलेले दिसते, याचे कारणही हेच. जानेवारी ते 24 मार्च या काळातील तारीख 1654/55 अशी दुहेरी लिहून ठेवावी, म्हणजे मुलाचा जन्म आईवडिलांच्या विवाहाच्या आधी लागण्यासारखे घोटाळे टळतात.

करमाफीचा तो आदेश अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे. 1643 पासून सोळा वर्षांवरील कृष्णवर्णीय स्त्रियांवरही कर होता, म्हणूनच मेरी आणि मुली कागदावर आल्या. इंग्रज शेतकऱ्याच्या बायकोमुलींना अशी नोंद मिळाली नसती. मुलींची नावे मात्र दिलेली नाहीत. हे कुटुंब तीस वर्षांहून अधिक काळ व्हर्जिनियात राहत असल्याचेही त्यात म्हटले आहे. 1625 च्या शिरगणतीत बेनेट या मळेमालकाच्या मळ्यावर 1621 साली आलेला अँटोनियो आणि 1622 साली आलेली मेरी नोंदलेली आहेत. हाच अँटोनियो पुढे अँथनी जॉन्सन झाला, असे इतिहासकार मानतात ते केवळ नावाच्या सारखेपणावरून नव्हे. पत्नीचे नाव आणि वास्तव्याची वर्षे जुळतात म्हणून. नाव जुळले की माणूस सापडला, असे समजणाऱ्यांनी ही पद्धत डोळ्यांसमोर ठेवावी.

अनेक अभ्यासक निर्देशसूचीत आडनाव पाहतात, मृत्युपत्र आणि खरेदीखत वाचतात आणि खटले सोडून देतात. कॅसर प्रकरणातील एका साक्षीत जॉन्सनची बायको, दोन मुलगे आणि जावई यांनी कॅसरला सोडून देण्याचा आग्रह धरल्याचे सांगितले आहे. दोन मुलगे आणि एक जावई, ही माहिती नोकराच्या वादातून हाती लागते! अर्थात ‘जावई’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या काळी सावत्र मुलालाही वापरत, म्हणून तेथे थांबून दुसरा पुरावा शोधावा.

मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव नसल्यास तो मेला किंवा बेदखल झाला, असे मानण्याची घाई करू नये. 1785 चा वारसा कायदा होईपर्यंत व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता मेलेल्याची जमीन थोरल्या मुलाकडे जात असे, त्यामुळे त्याचा उल्लेख करण्याची गरजच कित्येकांना वाटत नसे.

माग अचानक तुटला, तर आधी सीमा तपासाव्यात. जॉन्सन कुटुंब राहत होते त्या नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या नोंदी 1632 पासून सलग उपलब्ध आहेत हे मोठे भाग्य, कारण 1865 च्या रिचमंडच्या आगीत कित्येक काउंट्यांची दप्तरे जळाली. पण 1663 मध्ये नॉर्थॅम्प्टनचा उत्तरेकडील भाग वेगळा होऊन अ‍ॅकोमॅक काउंटी झाली, आणि 1665 च्या सुमारास जॉन्सन कुटुंब मेरीलँडच्या सॉमरसेट भागात गेले. व्हर्जिनियात 50 एकर जमीन मुलगा रिचर्डकडे राहिली होती. 1670 मध्ये ज्यूरीने मृत अँथनी हा कृष्णवर्णीय आणि म्हणून परका ठरवला आणि ती जमीन सरकारजमा होण्यास पात्र असल्याचे सांगितले. एकाच काउंटीची वही पाहणाऱ्याला हा अन्याय दिसत नाही आणि कुटुंब पुढे कोठे गेले तेही कळत नाही.

मेरीलँडमध्ये मेरीने 1672 साली नातवांना गुरे बक्षीस दिल्याची नोंद आहे, तर 1677 मध्ये नातू जॉन जॉन्सन याने 44 एकरांची जमीन घेऊन तिचे नाव ‘अंगोला’ ठेवले. गुरांचे बक्षीसपत्र जमिनीच्या शोधात हमखास वगळले जाते. पण तीन पिढ्या एका कागदावर आणण्याचे काम अशीच बक्षीसपत्रे करतात. छापील सारांशांत साक्षीदार, शेजारी आणि चतुःसीमा बऱ्याचदा गाळलेल्या असतात, म्हणून सारांशावर न थांबता मूळ पानाची प्रत काढावी. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने पेटंटच्या वह्यांच्या प्रतिमा ऑनलाइन ठेवल्या आहेत, त्यामुळे भारतात बसूनही हे काम करता येते.