सरकारी भरपाईचा अर्ज अडकतो कुठे? या चुका टाळा

कोर्टाच्या आवारात मी विधी स्वयंसेवक म्हणून बसते, आणि हप्त्यातून एकदा तरी कोणीतरी येऊन म्हणतंच, "मॅडम, केसचा निकाल लागू दे, मग भरपाईचं बघू." पहिली चूक हीच. आरोपीने द्यायची भरपाई कोर्ट निकालात सांगतं, ती वेगळी. गुन्ह्यात नुकसान झालेल्या पीडिताला सरकार देतं ती वेगळी, तिच्यासाठी निकालापर्यंत थांबायची गरज नाही. आधी हे सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ३५७अ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३९६ लागू आहे, अर्ज जातो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मुदत असते बरं का, उशीर झालाच असेल तर कारण लिहून माफीचा अर्ज सोबत जोडा, गप्प बसू नका.

आता दुसरं, आणि यात खरंच लोकांचं नुकसान होतं. पोलिस 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, आणि घरचे समजतात की झालं, संपलं सगळं. अहो उलट आहे, आरोपीचा पत्ता लागला नाही आणि खटला उभाच राहिला नाही तरी पीडिताने अर्ज करायचा, असं कायद्यात सरळ लिहिलंय. माणूस गेला असेल तर वारसांनी करायचा.

चुकीच्या दारात जाणं हे तर रोजचंच. बलात्कार, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), ॲसिड हल्ला यासाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, २०१७ च्या सुधारणेनंतर मदत १० लाखांपर्यंत गेली. कोणी गाडी ठोकून पळून गेला, गाडीचा नंबरच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनची हिट अँड रनची वेगळी योजना आहे, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, आणि तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये समाजकल्याणला जा, तिथे पैसे एकदम येत नाहीत, एफआयआर, चार्जशीट, निकाल असे टप्पे असतात. ऑनलाइन फ्रॉडमध्ये गेलेले पैसे यातल्या कशातूनच मिळत नाहीत, तिथे लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

कागदांचं काय सांगू! एका पोराचं एफआयआरमध्ये घरातलं लाडाचं नाव, आधारवर पाळण्यातलं, बँकेत तिसरंच, तीन महिने गेले नुसते त्यात. असं झालं तर तपास अधिकाऱ्याला सांगून पुरवणी जबाबात ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत हे लिहून घ्या आणि केवायसी झालेलं, सुरू असलेलं खातंच द्या, सहा वर्षं बंद पडलेलं पासबुक आणू नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, तिच्यासाठी कोणाला शंभर रुपये देऊ नका. दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड, जखमेचं सर्टिफिकेट, सगळ्याच्या झेरॉक्स ठेवा, ओरिजिनल हातातून सोडू नका.

तातडीची मदत लोक मागतच नाहीत, हे मला कळतच नाही. अर्जात अंतरिम मदत हवी असं स्पष्ट लिहा. ॲसिड हल्ल्यात तर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय की किमान ३ लाख, त्यातले १ लाख १५ दिवसांत. बलात्कार किंवा ॲसिडच्या पेशंटवर पहिले उपचार खाजगी हॉस्पिटलनेसुद्धा फुकट करायचेत, डिपॉझिट मागितलं तर तिथल्या तिथे पोलिसांना कळवा.

अर्ज दिला की पोच घ्या, आवक नंबर आणि शिक्क्यासकट. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असं कायदाच म्हणतो, पण हातात पोच नसेल तर दोन महिने मोजणार कुठून? आणि गेटबाहेर "टक्केवारीवर करून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. या अर्जाला फी नाही. बायका, मुलं, एससी-एसटी यांना उत्पन्न कितीही असो वकील फुकट मिळतो, विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर विचारा.

नामंजूर झाला तर तोंडी ऐकून घरी जाऊ नका, लेखी आदेश मागा. राज्य प्राधिकरणाकडे अपील करायचं तर तोच कागद लागतो.