पुरुमेंताच्या यादीत लिहावयाची उन्हाची तयारी

गोव्यात सनस्क्रीन म्हटले की वाळूत पहुडलेला पर्यटक डोळ्यांसमोर येतो. पर्यटक चार दिवसांत परत जातो. अंगणात सोले (कोकमाच्या वाळवायच्या साली) उलथणारी गृहिणी, काजूच्या बागेत वाकलेला बागायतदार आणि म्हापशाहून पणजीला रोज दुचाकीने ये-जा करणारा नोकरदार मात्र मार्चपासून पाऊस लागेपर्यंत त्याच उन्हात असतो. म्हणून मिरच्या, चिंच आणि सोले यांची पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, यादी काढताना पुढील तयारीही त्याच कागदावर लिहून घ्यावी.

आधी घरातले वेळापत्रक बदलावे. एप्रिल संपताना आणि मे लागताना सूर्य गोव्याच्या अगदी माथ्यावर येतो आणि त्या दिवसांत खरी माध्यान्ह आपल्या घड्याळात साडेबाराच्या सुमारास होते. सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत अतिनील किरणे सर्वांत तीव्र असतात, आणि आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली की आडोशाला जावे, हा आडाखा घड्याळ जवळ नसतानाही उपयोगी पडतो. फोनवरील हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, दिलेला असतो. तो 3 किंवा त्याहून अधिक असेल तर संरक्षण घ्यावे, 8 च्या पुढे गेला तर दुपारचे बाहेरचे काम शक्यतो टाळावे. येथे तापमान पाहून फसगत होते. समुद्रावरील वाऱ्यामुळे आपल्याकडे पारा विदर्भासारखा चढत नाही आणि ऊन सोसवते असे वाटते, परंतु त्वचेला इजा करणारी किरणे उष्ण लागत नाहीत, त्यामुळे वाऱ्याच्या झुळुकीने ती कमी होत नाहीत. पातळ ढगांतूनही त्यांचा मोठा भाग खाली येतो.

सोले, पापड, मिरच्या सकाळी 9 पूर्वी पसराव्यात आणि 4 नंतर गोळा कराव्यात. मधल्या वेळेत वाळवणापाशी उभे राहण्याचे कारण बहुधा कावळे आणि कोंबड्या असतात. त्यासाठी बारीक जाळी आणि तिच्या कडांना ठेवायला चार दगड आधीच आणून ठेवावेत. माझ्या मते या यादीतील त्वचेसाठीची सर्वांत मोलाची वस्तू ही जाळीच आहे.

त्यानंतर कपडे. लांब बाह्यांचा सुती सदरा किंवा कुडता उजेडासमोर धरून पाहावा. पलीकडचा उजेड जितका कमी दिसेल तितके संरक्षण अधिक. घामाने भिजलेला पातळ पांढरा कपडा जवळजवळ निरुपयोगी ठरतो, गडद आणि घट्ट विणीचा कपडा बराच चांगला. कॅपने कपाळ झाकले जाते, पण कान आणि मान उघडीच राहतात, म्हणून चारही बाजूंनी किमान तीन इंच काठ असलेली टोपी घ्यावी, किंवा सरळ छत्री उघडावी. दुचाकीस्वाराने हातमोजे आणि बंद पादत्राणे विसरू नयेत. आपल्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची बाहेरची बाजू पाहावी आणि मग हात उलटा करून आतली बाजू पाहावी. वय दोन्हींचे एकच, तरी बाहेरच्या बाजूवरचे डाग, कोरडेपणा आणि सुरकुत्या वेगळ्याच माणसाच्या वाटतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाचा हा हिशेब आहे. गाडीच्या काचेने भाजणारी किरणे बहुतांशी अडतात, परंतु सुरकुत्या आणि काळपटपणा आणणारी यूव्हीए किरणे खिडकीच्या काचेतून बरीच आत येतात.

सनस्क्रीन या सर्वांनंतर येते. जे झाकता येत नाही त्यासाठी ते वापरावे. वेष्टनावर एसपीएफ (भाजणाऱ्या किरणांपासूनच्या संरक्षणाचा आकडा) 30 किंवा 50 आणि यूव्हीएपासून संरक्षणाचा उल्लेख असावा. एसपीएफ 30 भाजणारी किरणे सुमारे 97 टक्के अडवते, 50 सुमारे 98 टक्के, त्यामुळे आकड्यापेक्षा मात्रा महत्त्वाची. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी व मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढाव्यात, बाहेर पडण्याच्या 15 ते 20 मिनिटे आधी लावावे, कान, ओठ आणि पायांचे पंजे सोडू नयेत, आणि दर दोन तासांनी, तसेच घाम किंवा पोहणे झाल्यावर पुन्हा लावावे. दिवसातून दोनदा लावूनही 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर आपण काटकसर करीत आहोत. ट्यूब दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. उष्णतेने ती निकामी होते. खोबरेल तेल सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही, हे आजीला दुखावून का होईना, सांगावे लागते.

लोणच्यासाठी लिंबे चिरल्यावर हात साबणाने धुऊनच उन्हात जावे, कारण लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर फोड येतात आणि नंतर काळे डाग महिनोन्महिने राहतात. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारखी काही औषधेही त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. चालू गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे. सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीन न लावता सावलीत ठेवावे. सुट्टीत आलेल्या भाच्यांना समुद्रावर चारनंतर न्यावे. वाळू आणि फेस दोन्ही किरणे परतवतात.

इतके करूनही त्वचा भाजली तर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, बर्फ चोळू नये, फोड फोडू नयेत. आकार किंवा रंग बदलणारा तीळ, अथवा महिनाभर न भरणारी जखम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी.

टोपी, छत्री आणि बाह्यांचा सदरा कपाटात घडी करून ठेवू नयेत, मागच्या दाराजवळच्या खुंटीला लावावेत. वाळवणाकडे जाताना हात पहिल्यांदा तिथेच जातो.